जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेताना आधी क्रँकची आतली बाजू बघा

विकणारा ‘दोनच वर्षं वापरलीय’ म्हणाला तरी क्रँक, म्हणजे पेडल बसवलेला दांडा, बघितल्याशिवाय मान डोलावू नका. शिमानो कंपनीचा असेल तर आतल्या बाजूचा चिखल पुसा, दोन इंग्रजी अक्षरं सापडतील. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 2002 ला ए धरून पुढे मोजा. एम आला तर 2014. क्रँक मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून मागच्या डिरेलरवरचा (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) कोडही जुळवून घ्या.

चेनला स्टीलची पट्टी लावा. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक) पिनपासून पिनपर्यंत बरोबर 12 इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरले, तर चेन गेली; एक अष्टमांश भरले, तर बहुतेक कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या).

पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या गुळगुळीत नळ्यांवरून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर तिथलं तेल अडवणारं सील लवकर जातं. हेड ट्यूबजवळच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची नळी) वेल्डला तडा असेल, तर फुकटसुद्धा घेऊ नका, खरंच सांगतोय.

भाव? तशीच नवी सायकल आज केवढ्याला मिळते ते काढा. पाच-सहा वर्षं जुनी असेल तर मी निम्म्याच्या खालूनच बोलणी सुरू करतो, आणि चेन, कॅसेट, सर्व्हिसिंगचा खर्च त्यातून वजा करतो. बिल मात्र मागाच, आणि त्यावरचा नंबर पेडलच्या खाली फ्रेमवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा.