मोबाईलनं वाचून दाखवलं, तर मुलगा वाचायला शिकणार कसा?

"मॅडम, सगळं मोबाईलच वाचून दाखवायला लागला तर हा स्वतः कधी वाचणार?" वाचनात मागे पडणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते. त्यांचे पालक येतात, तेव्हा हा प्रश्न निघतोच. कुणी म्हणतं सवय लागेल, कुणी म्हणतं आळशी होईल, कुणी सरळ म्हणतं, ही तर कॉपीच झाली. शिक्षक त्यात आणखी एक वाक्य घालतात: "वर्गात चाळीसच्या वर पोरं आहेत, एकट्यासाठी मी काय काय करू?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला एका मुलाबरोबर काम करताना सगळ्यात स्पष्ट दिसली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याला ओंकार म्हणू.

ओंकार सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत सातवीत होता. वडील ऊसवाले शेतकरी, आई घरी शिवणकाम करायची. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली होती. म्हणजे डोकं तल्लख, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड झटकन बसत नाही. अशा मुलांची मराठीत कुठे कोंडी होते ते शेजारी बसून पाहावं. घ-ध आणि म-भ यांची गल्लत होते. 'किरण' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारायची असते क नंतर. रफाराचं त्याहून अवघड: बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, बोलायचा त्याच्या आधी. विज्ञानाच्या धड्यात ओंकार 'पर्णरंध्रे' या शब्दापाशी अडला. प, र, ण असं करत, बोट ठेवून, दोनदा मागे जाऊन त्याने तो शब्द सोडवला. तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या डोक्यातून गेली होती. "काय कळलं?" विचारलं तर मान खाली.

मग तोच परिच्छेद मी फोनला वाचायला लावला. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' असतं, ते मजकूर मराठीत वाचून दाखवतं. वेग कमी ठेवला आणि ओंकारला ओळीवर बोट फिरवायला सांगितलं. परिच्छेद संपला. तो क्षणभर थांबला आणि वडिलांकडे वळून म्हणाला, "पप्पा, उन्हात ऊसाचं पान गुंडाळतं बघा. ते पाणी जाऊ नये म्हणूनच की. तवा ही बारकी भोकं पण मिटत असतील."

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "हे आम्ही कधी सांगितलं न्हाई याला."

पुस्तकातही ते नव्हतं. धड्यात पानांवरची छिद्रं होती, गुंडाळलेलं पान त्याने शेतात पाहिलं होतं, आणि दोन्हींची गाठ त्याने स्वतः मारली होती. आजवर हा विचार पर्णरंध्रातल्या रफारापाशी अडकून पडत होता. मी वडिलांना एवढंच विचारलं, "आता सांगा, धडा कुणी शिकला? मोबाईल की ओंकार?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा आजा मोटेनं पाणी काढायचा, मी मोटारीनं काढतो. ऊस काय वेगळा येतोय?" त्यांच्या मुलाची अडचण याहून नेमकी मला मांडता आली नसती.

तरी त्यांची मूळ चिंता खरी होती आणि तिला उत्तर देणं माझं काम होतं. अक्षरं सोडवणं हे एक काम आणि अर्थ समजणं हे दुसरं. ओंकारसारख्या मुलांचं पहिलं काम संथ असतं, दुसरं नसतं. पहिलं जमेपर्यंत दुसरं थांबवून ठेवलं, तर सातवीचा मुलगा तिसरीच्या शब्दसंपत्तीवर अडकतो, आणि मग वाचायला आलं तरी वाचलेलं कळत नाही. म्हणून दोन्ही बरोबरीने, पण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळेला चालवायचं. रोज थोडा वेळ फक्त वाचनाचा सराव: जोडाक्षरं, रफार, एकेका आवाजावर काम. गुगलचं 'रीड अलाँग' हे ॲप मोठ्याने वाचणाऱ्या मुलाचं ऐकून चुकलेला शब्द सांगतं, मराठीतही चालतं, घरच्या सरावाला बरं पडतं. आणि विज्ञान, इतिहास, भूगोल मात्र कानाने. ओळीवर बोट ठेवून ऐकण्याचा आणखी एक फायदा होतो. शब्दाचं रूप आणि त्याचा आवाज पुन्हा पुन्हा एकत्र भेटतात, त्यामुळे आळस तर सोडाच, वाचनाला हातभार लागतो.

घरी हे छान बसलं. शाळेत मात्र इअरफोन दप्तराच्या तळाशीच राहिला. सरांनी परवानगी दिली होती, फोनही दिला होता. मी ओंकारला विचारलं तर दोनच शब्द आले.

"सगळी बघत्यात."

या दोन शब्दांपाशी मी खूप रेंगाळले, आणि माझ्या कामाचा गाभा मला इथेच दिसतो. माझी बैठक ऑस्ट्रियाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारांवर बसलेली आहे. १९२०च्या दशकात व्हिएन्नाच्या शाळांमधून त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रं चालवली. मूल जे काही करतं ते चारचौघांत आपली जागा मिळवण्यासाठी, ही त्यांची शिकवण. त्या नजरेने पाहिलं की ओंकारचा नकार लगेच उलगडतो. इअरफोन घातला तर धडा कळतो पण तो वर्गापासून वेगळा पडतो. नाही घातला तर धडा कळत नाही, पण तो सगळ्यांसारखा दिसतो. बारा वर्षांचा मुलगा यातलं काय निवडणार? एकट्यापुरतं दिलेलं साधन कितीही चांगलं असलं, तरी वापरणाऱ्याच्या कपाळावर शिक्का मारतं.

म्हणून पुढची बैठक मी सरांबरोबर केली. सर कष्टाळू होते आणि थकलेले होते. "एकट्यासाठी किती करू?" हा त्यांचा सवाल मी तिथेच धरला. "एकट्यासाठी काहीच करू नका सर. सगळ्या वर्गासाठी करा."

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतातच. वर्गातल्या टीव्हीवर धड्याचं पान मोठं करायचं, स्पीकरवरून ते सगळ्यांना ऐकवायचं आणि मुलांनी ओळीवर नजर फिरवायची. नंतर उत्तर कसं द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं: कुणी लिहील, कुणी आकृती काढून नावं देईल, कुणी चौघांच्या गटाच्या फोनवर बोलून रेकॉर्ड करेल. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठीत बोलून टाईप करता येतं, तेही सगळ्यांना खुलं. कोणत्याही मुलाचं नाव घ्यायचं नाही.

फरक ओंकारपुरता राहिला नाही. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी वर्गात होती. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी ती मुलगी पुस्तकी मराठीला बिचकायची; बोलून उत्तर द्यायची मुभा मिळाली तशी ती गटात सगळ्यात आधी फोन हातात घ्यायला लागली. एका मुलाला एका कानाने कमी ऐकू यायचं. सरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि समजावून सांगताना 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' चालू ठेवलं. ते बोललेलं मराठीत लिहून दाखवतं. गोंगाटात शब्द चुकतात, फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळच हवा, हे खरं. पण त्या पडद्याकडे बघून इतर मुलंही वह्या भरायला लागली. आणि ओंकार? सगळेच ऐकत होते, त्यामुळे त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. उत्तरं रेकॉर्ड करण्याचा पहिला तास झाल्यावर त्याच्या गटाने त्याचं उत्तर वर्गाला ऐकवलं. सरांनी संध्याकाळी मला फोन करून ते उत्तर मला ऐकवलं. इतक्या वर्षांच्या कामात असे फोन मी जपून ठेवलेत.

आता काही गोष्टी पालक आणि शिक्षक दोघांसाठी, कारण गाडी नेमकी इथेच अडते. फोन मराठी वाचत नसेल तर फोन बदलू नका, फाईल तपासा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं असतात, त्यामुळे मशीन अगम्य काहीतरी बरळतं. नोट्स आणि प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाईप होतं त्याच पद्धतीत) टाईप करा, एवढ्यानेच निम्मं काम होतं. स्कॅन केलेलं पान मशीनच्या लेखी चित्र असतं. ते आधी गुगल लेन्समधून मजकुरात बदलून घ्या. पुस्तकाची अशी प्रत काढणं कायद्यात बसतं का, असं मुख्याध्यापक विचारतात. बसतं. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ प्रत करण्याची सूट २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातच आहे.

हे उपकार म्हणून मागायचं नाही, हेही सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यांत अध्ययन अक्षमता आहे, आणि सर्वसमावेशक शिक्षण देणं ही त्या कायद्याने शाळेची जबाबदारी आहे.

राहिला दहावीचा प्रश्न: परीक्षेत मोबाईल कुठून आणायचा? तिथे लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा) आणि जादा वेळ हे मार्ग आहेत. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग उमेदवारासाठी तासाला किमान २० मिनिटं जादा धरली होती. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून आठवी-नववीतच सरकारी रुग्णालयात नाव घाला. मुंबईकरांना सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं केंद्र माहीत आहे. बाकीच्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आणि लेखनिकाबरोबरचा सराव आधीपासून करा. उत्तर मनात जुळवून, स्वल्पविरामासकट, दुसऱ्याला सांगणं ही वेगळी कला आहे. बोलून उत्तर रेकॉर्ड करणाऱ्या मुलांना ती लवकर साधते.

ओंकार आता नववीत आहे. वाचन अजून संथच, पण स्वतःचं स्वतः. प्रमाणपत्राचे कागद तयार आहेत, आणि लेखनिकाबरोबरचा सराव दिवाळीनंतर सुरू करायचं वडिलांनीच ठरवलंय.