पहिलीच चाल ए३ खेळली तर?

प्रश्न : मी भांडुपला राहतो, दर रविवारी सोसायटीत आम्ही पाच-सहा जण बुद्धिबळाचा पट मांडतो. बाकीच्यांना ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा-पंधरा चाली पाठ आहेत, मला एवढं पाठ होत नाही. म्हणून हल्ली पांढरी घेतली की पहिलीच चाल ए३, म्हणजे हत्तीसमोरचं प्यादं एकच घर पुढे. सगळे म्हणतात चाल फुकट घालवलीस. खरंच फुकट जाते का?

उत्तर : नाही हो, फुकट नाही जात, फक्त ती वसूल करता आली पाहिजे. १८५८ साली पॅरिसला जर्मनीचा अँडरसन अमेरिकेच्या मॉर्फीसमोर हीच चाल तीन डावांत खेळला, एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत सुटला. मॅच मॉर्फीने ७-२ अशी (बरोबरीचे डाव सोडून) मारली, म्हणून तर ए३ ने काढलेला तो दीड गुण मला फार मोठा वाटतो!

ए३ खेळलात म्हणजे तुम्ही काळ्यांच्या जागी जाऊन बसलात, वर एक चाल हातात जास्तीची. आता ती उपयोगी कधी पडते? तुम्ही काळ्यांनी सिसिलियन (पांढऱ्याच्या ई४ ला सी५ हे उत्तर) खेळता का ते लिहिलं नाहीत, खेळत असाल तर सोपं आहे. समोरच्याने ई५ केलं (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) की सी४ खेळा, झाली उलटी सिसिलियन, आणि त्यात काळे जे ए६ करतात ते तुमचं आधीच झालेलं. पुढे त्याने डी५ करून प्यादी मारामारी केली, घोडा डी५ वर आणला, तरी त्या घोड्याला किंवा उंटाला बी४ वर येता येत नाही, तिथे तुमचं ए३ चं प्यादं पहारा देतंय. मग ई३, वजीर सी२, जमेल तेव्हा बी४.

पण त्याने जी६ करून उंट जी७ वर ठेवला तर त्याला बी४ ची गरजच नाही, ए३ ची किंमत उतरते. तेव्हा हट्ट नको, सरळ डी४, सी४ करून मध्य धरा. ए३ नंतर लगेच एच३, मग डी३ असं करत बसणारे मी खूप बघितलेत, डाव तिथे जातो.

१९८० मध्ये स्वीडनमधल्या स्काराला इंग्लंडच्या माइल्सने जगज्जेत्या कार्पोव्हच्या ई४ ला ए६ उत्तर दिलं आणि जिंकला, पण तिथेही दुसऱ्या चालीला बी५, तिसऱ्याला उंट बी७, एकही चाल रिकामी नाही. येत्या रविवारी सी४ वाली लाइन खेळून बघा, चाली लिहून ठेवा आणि डाव पाठवा, जिंकलात हरलात तरी.