माळ्यावरचं ०७० आणि धरणाची गोष्ट

प्रश्न : नमस्कार काका, मी पाटणकडचा. जुनं घर उतरवताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं लाकूड कापायचं मशीन सापडलं. बाजूला ०७० असा आकडा आणि खाली मेड इन वेस्ट जर्मनी. आजोबा जंगल ठेकेदाराकडे कामाला होते, घरात सगळे म्हणतात कोयना धरणाचं काम चालू होतं तेव्हाचं आहे हे. दोरी ओढली की फिरतं पण चालू होत नाही. भंगारवाला साडेतीन हजार देतोय आणि मित्र म्हणतो चायनाचं डुप्लिकेट असणार. खरं काय, आणि मशीन चांगलं आहे का हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : आधी भंगारवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

०७० हे स्टिल (Stihl) ह्या जर्मन कंपनीचं मॉडेल, १०६ सीसी, एका सिलेंडरचं टू-स्ट्रोक. आता तुमच्या घरातली गोष्ट इथंच जरा लंगडी पडते बघा. धरणाचं काम १९५६ला सुरू झालं आणि १९६४पर्यंत चाललं. ह्या मशीनचा बाप म्हणजे कॉन्ट्रा, ते आलं १९५९ला, त्यात मधली गिअरची पेटी काढून टाकून साखळी सरळ इंजिनवरच घेतली, त्यामुळं वजन कमी झालं आणि एकट्या माणसाला झाड पाडणं सोपं झालं. ०७० त्याच घराण्यातलं पण साठचं दशक संपता संपता आलेलं, म्हणजे तोवर धरण बांधून झालेलं. आजोबा थापा मारत होते असं मी म्हणत नाही हां, धरणाच्या वेळी त्यांच्या हातात दुसरं मशीन असेल, हे नंतर आलं असेल आणि सांगता सांगता दोन्हीचं एक झालं असेल. तुमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला साल विचारून काय मिळत नाही, कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ही तारीख पाटण तालुक्यात कुणी विसरत नाही. आजी असतील तर त्यांनाच विचारा, मशीन घरात आलं तेव्हा भूकंपाआधीचं घर उभं होतं का पडलेलं.

दुसरी खूण तुम्हीच लिहिलीय, वेस्ट जर्मनी. ३ ऑक्टोबर १९९०ला दोन्ही जर्मनी एक झाल्या, म्हणजे मशीन त्याच्या आधीचं.

आता मित्राचं. तो अगदीच चुकीचा नाही, ०७०ची चायनीज नक्कल बाजारात ढिगानं मिळते आणि नुसत्या स्टिकरवर तर कायपण छापता येतं. म्हणून स्टिकर बघू नका, रॉकेलचा बोळा घेऊन बॉडी पुसा आणि ओतीव अक्षरं बघा. अस्सल मालात ती धारदार असतात, नकलेत कडा वितळल्यासारख्या दिसतात. बॉडीवर ठोकलेला नंबर शोधा, तो घासून काढलेला असला तर शंका घ्यायची.

चांगलं आहे का, हे कळतं ते सायलेन्सर काढल्यावर. दोन-तीन बोल्ट असतील, जाम झाले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, हाणामारी नको. सायलेन्सर निघाला की भोकातून पिस्टन दिसतो, मोबाईलची बॅटरी लावा आणि दोरी हळू ओढून पिस्टन वरखाली करून बघा. अंगावर बारीक आडव्या रेघा असल्या तर झकास, त्या कारखान्यातल्याच, म्हणजे मशीन फार पळालेलं नाही. उभे ओरखडे असले, नख अडकेल असे, तर कुणीतरी कमी तेलावर पळवून पिस्टन चिकटवलाय. माझ्याकडं सांगलीत एक जण असंच मशीन घेऊन आला होता, वरून नवा रंग, नवी पट्टी, नवी साखळी, आणि आत पिस्टन नांगरलेल्या रानासारखा. रंगाचे पैसे देऊन बसला होता बिचारा.

मग कॉम्प्रेशन. दोरीची मूठ धरून मशीन उचलायचं, चांगलं असेल तर ते गचके खात हळूहळू खाली येतं, सरसर आलं तर रिंगा गेल्या. पण माळ्यावरची दोरी कुजलेली असते, आधी दोरी बदला, नाहीतर बाराएक किलोचं धूड पायावर.

चालू होत नाही म्हणता त्याचं कारण बहुतेक किरकोळ निघेल. जुन्या मशीनला मॅग्नेटखाली पॉइंट असतात, जुन्या स्कूटरसारखे, त्यावर नुसती काट चढली तरी ठिणगी पडत नाही. पॉइंट साफ करा, गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, कंडेन्सर बदला. कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक झाला असणार, तो आणि क्रँकची दोन्ही सील नवीनच टाका. सील तशीच ठेवून चालवलंत तर हवा ओढेल, मिश्रण पातळ होईल आणि चांगला पिस्टन तुमच्याच हातानं जाईल. जुन्या मशीनला मी लिटरला ४० मिली टूटी ऑइल घालतो, थोडा धूर झाला तरी चालेल. काम झालं की टाकी रिकामी करा, हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल महिनाभर आत ठेवायच्या लायकीचं नाही.

बॉडीला तडा असेल तर अ‍ॅल्युमिनियम समजून गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. ते मॅग्नेशियम असतं, पेट घेतं. आणि ह्याला साखळीचा ब्रेक नाही, उसळी मारली तर मधे थांबवणारं काय नाही, त्यामुळं हौस म्हणून सुरू करा, रोजच्या कामाला नवीन घ्या.

प्रश्न : जुन्या मशीनची साखळी कोणत्या मापाची हे दुकानदाराला सांगता येत नाही, कानस कितीची घ्यायची?
– एक वाचक, शिराळा, जि. सांगली

उत्तर : मशीनचं नाव सांगू नका, साखळी मोजून जा. लागोपाठ तीन रिव्हेटांचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. साडेनऊच्या आत, ९.३ मिलिमीटर आलं तर तीन-अष्टमांश इंची, त्याला ५.२ची गोल कानस. १०.२६ आलं तर पॉइंट चारशे चार (.४०४ इंची), त्याला ५.५ची. आत्ताचा वाकड्या दाताचा जो प्रकार आहे तो अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून काढला आणि १९४७ला विकायला आणला, त्यामुळं त्याच्या आधीची सरळ दातांची साखळी तुमच्याकडं निघाली तर कानस लावायच्या आधी मला फोटो पाठवा.