नोटीस आली म्हणून घर जात नाही

प्रश्न: आमची कोकणातली वाडी दरडप्रवण यादीत आहे. दर पावसाळ्यात नोटीस येते: स्थलांतर करा, अन्यथा दुर्घटनेस प्रशासन जबाबदार राहणार नाही. यंदा गुन्हा दाखल करू म्हणतात. सासरे म्हणतात, घर सोडलं की घर गेलं. शिवाय दोन म्हशी कुठे बांधायच्या? पती मुंबईत असतात. काय करावं?

उत्तर: ताई, सासऱ्यांची भीती वेडगळ नाही, पण तात्पुरत्या स्थलांतराने मालकी जात नाही. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, आहेत तसेच राहतात. कायमच्या पुनर्वसनाचा कागद मात्र वेगळा. त्यात जुनी जागा सोडल्याचं हमीपत्र असू शकतं; वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा नको.

गुन्ह्याची धमकी पोकळ नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 51 नुसार वाजवी कारणाशिवाय आदेश धुडकावला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मनाई हुकमासाठी दिवाणी कोर्टातही जाऊ नका, कलम 71 आड येतं, दाद हायकोर्टातच.

'जबाबदार राहणार नाही' हे वाक्य मी इतक्या नोटिशींत वाचलंय की आता हसू येतं. कायद्याने दिलेलं काम असं एका ओळीत झटकता येत नाही. निवाऱ्याच्या जागा आधी हेरून तिथे पाणी आणि स्वच्छतेची सोय करणं हे याच कायद्याच्या कलम 30 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं काम, आणि त्याचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी. तेव्हा अर्ज त्यांच्याच नावे करा, प्रत तहसीलदारांना. निवारा नेमका कुठे, तिथे संडास आहे का, गुरांची आणि चाऱ्याची सोय काय, हे विचारा. पोच घ्या. तोंडी तक्रार उद्या कुणालाच आठवत नाही. वाडीच्या पाहणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा.

आणखी एक, ज्यात बरेच जण अडकतात: घर पडलं तर मदत मिळायला ते अधिकृत असावं लागतं. नमुना आठवर आजेसासऱ्यांचंच नाव असेल तर वारसनोंद आत्ताच करून घ्या. घराचे फोटो काढून पतींना पाठवून ठेवा.

पण हे सगळं घर सोडून निवाऱ्यात जाऊन करा. रायगडमधली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, तरी 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर आला. तुमची वाडी तर यादीत आहे. सखल गावात ओळखीच्या कुणाचा गोठा महिनाभर मिळतो का बघा. मला वाटतं सासरे घरापेक्षा म्हशींपायी अडलेत.