मुलाच्या रेसिंगसाठी एफडी मोडू की पॉलिसीवर कर्ज काढू?

पिंपरीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५१, भोसरीत तीन सीएनसी मशिनचं जॉबवर्कचं युनिट, पत्नी गृहिणी, मुलगी अकरावीत. घराचं कर्ज २२ लाख, मशिनचं १८ लाख. मुलगा २३ वर्षांचा, डिझाइन इंजिनिअर, पगार ३५ हजार. कॉलेजात असल्यापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची रेसिंग करतो. आता त्याला राष्ट्रीय कार रेसिंगच्या ‘इंडियन टूरिंग कार’ गटात एक अख्खा सीझन चालवायचाय आणि टीमनं १४ लाखांचं कोटेशन दिलंय. प्रश्न असा की नऊ लाखांची एफडी मोडू, की मुलाच्या नावावरच्या पॉलिसीवर कर्ज काढू? एजंट म्हणतो कर्जच काढा, मॅच्युरिटीतून आपोआप फिटेल. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘विमा मुलाच्या नावावर आहेच, माझा वेगळा काढला नाही, त्यामुळे ती काळजी नाही.’

अहो, काळजी तीच आहे. घर तुमच्या कमाईवर चालतं, चाळीस लाखांची कर्जं तुमच्या सहीवर आहेत, आणि विमा उतरवलाय कुणाचा, तर पॉलिसी घेतली तेव्हा एकोणीस वर्षांच्या, एक रुपया न कमावणाऱ्या पोराचा! उद्या तुम्हाला काही झालं तर बँक मशिनं उचलेल, ती निम्म्या किमतीत जातील आणि उरलेलं देणं वहिनींच्या माथी येईल. मुलाची पॉलिसी तेव्हा काय देणार? पुढच्या हप्त्याची नोटीस.

आता ती पॉलिसी बघू. वर्षाला दोन लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी चाळीस लाख. ‘पैसे दुप्पट, गॅरंटीड.’ तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे पडून राहणार. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्यानं बहात्तरला भागलं की साधारण व्याजदर निघतो. बहात्तरला साडेपंधरानं भागा: साडेचार टक्के आणि वर थोडं. एवढ्यासाठी एजंट लागतो होय? चार हप्ते, म्हणजे आठ लाख भरून झालेत. जुन्या नियमांच्या पॉलिसीत चौथ्या वर्षी हमीची सरेंडर किंमत, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर परत मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी असते, म्हणजे चार लाख. कर्ज त्याच्याही ऐंशी-नव्वद टक्के, साडेतीन लाखांच्या आसपास मिळेल. आपल्याच पैशावर साडेनऊ टक्के व्याज भरायचं आणि तो पैसा साडेचार टक्क्यांनी वाढणार. यातून कर्ज ‘आपोआप’ कसं फिटतं ते एजंटकडून लेखी घ्या. देणार नाही.

लगेच सरेंडर मात्र करू नका. नुकसान बरंचसं होऊन गेलंय, त्यामुळे इथून पुढचे हप्ते भरत राहिलात तर आज सरेंडरला मिळणारे चार लाख आणि पुढचे बारा लाख मिळून पावणेसात टक्क्यांच्या जवळपास सुटतात. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली तर शेवटी किती मिळेल, हे कंपनीकडून ईमेलवर मागवा. आकडा आठ लाखांच्या, म्हणजे भरले तेवढ्याच्याच आसपास आला तर अर्थ नाही, सोळाच्या, म्हणजे चाळीस लाखांच्या चार दशांशाच्या जवळ आला तर पेड-अप करून मोकळे व्हा. काही झालं तरी तुमचा स्वतःचा एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा निव्वळ विमा), ६५ वयापर्यंतचा, आधी निघाला पाहिजे. बीपी-शुगर नसेल तर वर्षाला पन्नास-साठ हजार धरा.

मुलाच्या बाजूनं एक बरं आहे. तीन वर्षं उलटलेली आयुर्विमा पॉलिसी विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला उकरून काढता येत नाही; प्रपोजल फॉर्मवर कार्टिंगचा रकाना एजंटनं ‘नाही’ भरला असला तरी. पण ती पॉलिसी मृत्यूची आहे. पाय मोडला तर कामाची नाही, आणि मेडिक्लेमच्या ठरलेल्या अपवादांत प्रोफेशनल म्हणून केलेलं मोटर रेसिंग नावानिशी आहे. पैसे भरून हौसेनं चालवणारा प्रोफेशनल की नाही, हे अपघातानंतर विचारायचं नसतं. पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीलाही हेच.

राहिलं कोटेशन. त्यात खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: ‘टायर वेगळे’ आणि ‘डॅमेज ॲट ॲक्चुअल’, म्हणजे मोडतोडीचा होईल तो खर्च तुमचा. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरच्याच गाड्यांची रेससाठी तयार केलेली रूपं, आणि या रेसमध्ये दाराला दार घासतं. बंपर, फेंडर, सस्पेन्शनचे आर्म ही वापरून संपणारी वस्तू समजा. साध्या मोटर पॉलिसीत संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बसतच नाही, म्हणजे गाडी ठोकली तर बिल तुमचं. शिवाय चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला आणि कोईम्बतूरच्या करी स्पीडवेला जाणं-येणं, हॉटेल. चौदाचे अठरा धरा.

‘एक सीझन चांगला गेला की स्पॉन्सर मिळतील’ या वाक्यापुढे हिशेबात शून्य लिहा. ज्या करिवर्धन यांच्या नावानं कोईम्बतूरचा ट्रॅक आहे, ते गिरणीमालकांच्या घराण्यातले होते; मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी रेसिंग कार बनवल्या. हा खेळ आपल्याकडे उभा राहिला तोच घरच्या पैशावर.

तरी पोराला सरसकट नाही म्हणू नका. एफडीतले तीन लाख मोडा, त्याहून एक पैसा नाही. जॉबवर्कची बिलं नव्वद दिवसांनी निघतात, उरलेले सहा त्यासाठीच लागतील. मुलानं पगारातून दीड लाख घालावेत. तेवढ्यात एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं लायसन्स, ट्रेनिंग आणि एखादी राउंड बसते. टीमकडून डॅमेजची कमाल मर्यादा करारात लिहून घ्या. नाही म्हणाले तर दुसरी टीम बघा. ठरावीक भाड्यात सगळ्यांना एकसारखी गाडी मिळणारी वन-मेक मालिका सुरू असेल तर आधी तिकडे चौकशी करा, पहिल्या वर्षाला तीच परवडते.

टीमला ॲडव्हान्स मात्र तुमच्या टर्म प्लॅनची मेडिकल होऊन पॉलिसी हातात आल्यावरच द्या.