ग्रँटचा अर्ज लिहिण्याआधी शेड्यूल वन काढा

पत्र : मी कोल्हापुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी राज्यशास्त्रात एम.ए. केले. माझ्या मामूंची संस्था बरीच वर्षे उर्दू माध्यमाची शाळा चालवते. अल्पसंख्याक मुलांना नागरिकशास्त्र नीट शिकवता यावे म्हणून शिक्षकांचे प्रशिक्षण घ्यावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. यासाठी ग्रँट कुठून मिळेल? आणि यात करिअर होईल का? अब्बा म्हणतात, आधी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दे, बाकीचे नंतर बघू. – एक विद्यार्थिनी, सदर बाजार

उत्तर : अब्बांचे खरे आहे, पण टीईटीचा अभ्यास आणि हे काम एकमेकांच्या आड येत नाही. त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी पैशाचे.

इंटरनेटवर अल्पसंख्याक शिक्षणाच्या योजनांच्या ज्या याद्या फिरतात, त्यातल्या बऱ्याच शिळ्या आहेत. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्येच निघाला, तरी याद्यांत ते अजून दिसते. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची शाळांसाठी योजना आहे, ७० टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक असलेल्या शाळांना ती लागू होते. पण ते पैसे पायाभूत सुविधांचे, म्हणजे खोल्यांची दुरुस्ती, पाण्याची सोय, प्रयोगशाळा असल्या कामांचे. त्यातून प्रशिक्षण घेतले तर लेखापरीक्षणात अडकाल. समग्र शिक्षा अभियानात शिक्षक प्रशिक्षणाची तरतूद आहे खरी, पण तो निधी सरकारी यंत्रणेतून, डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत खर्च होतो. खाजगी संस्थेने त्यासाठी अर्ज करायचा नसतो. डाएटकडे मागायचे ते वेगळे, ते पुढे सांगतो.

परदेशी ग्रँटचा नाद सध्या सोडा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेले दिसले पाहिजेत. ‘एखादी मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ हा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

मग उरतो सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामासाठी द्यायचा निधी, आणि तुमच्यासाठी तोच खरा दरवाजा. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा असलेली कंपनीही कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येते आणि तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. म्हणजे मुंबई-पुण्याकडेच बघायला नको. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आधी चौकशी करा. मात्र संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून नवी संस्था काढू नका, मामूंच्याच संस्थेच्या नावाने जा. अर्जाची वेळ एप्रिल ते जून, बजेट ठरत असताना. फेब्रुवारीत गेलात तर ‘पुढच्या वर्षी या’ एवढेच ऐकायला मिळेल. आणि प्रस्तावात ‘राजकीय’ हा शब्द टाळा. ‘राज्यशास्त्र प्रशिक्षण’ वाचले की सीएसआर बघणारे साहेब फाईल बाजूला ठेवतात. ‘संविधान व नागरिकशास्त्र अध्यापन’ लिहा, विषय तोच राहतो.

बहुतेक अर्ज कल्पना वाईट म्हणून पडत नाहीत, कागदांमुळे पडतात. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा. जुन्या संस्थांत हमखास सापडते ते असे : उताऱ्यावरचे दोन विश्वस्त वारलेले, एक गाव सोडून गेलेला आणि विश्वस्त बदलल्याचे कळवणारा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून. कंपनीचा माणूस पहिल्यांदा तेच बघतो. मग संस्थेची घटना वाचा. उद्दिष्टांत फक्त ‘शाळा चालवणे’ असेल तर शिक्षक प्रशिक्षणासाठी दुरुस्ती लागेल आणि तिला महिने जातात. बाकी तीन वर्षांचे ऑडिट, पॅन, प्राप्तिकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-वन नोंदणी (ही सीएकडून करून घ्या) आणि कार्यकारिणीचा ठराव. अल्पसंख्याक संस्थेचा दाखला असेल तर जोडा, पण राज्यघटनेचे कलम ३० दाखवून कुणी पैसे देत नाही. अनुदान देताना शासनाने भेदभाव करू नये, एवढेच त्यातले उपकलम २ सांगते.

आता कार्यक्रम. पाच लाखांचा प्रस्ताव लिहायच्या आधी २४ शिक्षकांचा, चार दिवसांचा छोटा प्रयोग करा. दोन प्रशिक्षक, दिवसाला अडीच हजार मानधन : २०,०००. चहा-जेवण २६ जणांचे, १८० रुपयांप्रमाणे चार दिवस : १८,७२०. शिक्षकांचा प्रवास १५० रुपयांप्रमाणे : १४,४००. छपाई : ६,०००. उर्दू-मराठी साहित्य टाइप करणे, तपासणे : १०,०००. प्रत्येकाच्या वर्गाला प्रशिक्षणाआधी एक आणि नंतर दोन भेटी, म्हणजे ७२ भेटी, २०० रुपयांप्रमाणे : १४,४००. हिशेब व ऑडिट : ६,०००. एकूण ८९,५२०, म्हणजे माणशी पावणेचार हजारांच्या आसपास. दसरा चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या काळातली मुस्लिम, जैन अशी बोर्डिंगे (वसतिगृहे) आहेत. तिथे हॉल मागून बघा. त्या निमित्ताने जैन, बौद्ध, ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतले शिक्षकही घ्या. अल्पसंख्याक म्हणजे एकच समाज नव्हे, हे देणाऱ्यालाही दिसू द्या.

या अंदाजपत्रकातली सगळ्यात आधी कापली जाणारी ओळ म्हणजे वर्गभेटी, आणि नेमकी तीच कापू देऊ नका. ‘२४ शिक्षक प्रशिक्षित’ हा आकडा हजेरीपटावरूनही निघतो. वर्गात काय बदलले, ते भेटीशिवाय कळत नाही.

तारखांचे कोल्हापूरचे गणित वेगळे आहे. जुलै-ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की शिरोळ-करवीरचे शिक्षक येणे अवघड. पुढे गणपती, सत्र परीक्षा, दिवाळी. फेब्रुवारीपासून बोर्डाची गडबड. उरतात दिवाळीनंतरचे दोन महिने. सलग चार दिवस मुख्याध्यापक सोडणार नाहीत, त्यामुळे चार शनिवार धरा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. तुमचे तास त्यात धरले जातील का, हे डाएटला आराखडा दाखवून आधीच लेखी विचारा. झाल्यावर विचारून उपयोग नाही.

शिकवायचे काय? दहावीच्या ४० गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राला १२ गुण, त्यामुळे विषय घाईत उरकला जातो. म्हणून दहावी सोडा, सहावी-सातवी धरा. उर्दू माध्यमाची एक खास अडचण आहे. पुस्तकात मूल ‘आईन’ शिकते, ‘बुनियादी हुकूक’ शिकते, ‘इंतिखाब’ शिकते, आणि महापालिकेच्या खिडकीवर त्याच्या हातात येणारा अर्ज मराठी असतो. संविधान, मूलभूत हक्क, निवडणूक हे शब्द त्याला परके वाटतात. दोन रकान्यांची शंभरेक शब्दांची यादी ही तुमची पहिली वस्तू. दुसरी, सहावीचा शहरी स्थानिक शासनाचा पाठ : ‘महानगरपालिकेची कामे’ लिहून घेण्याऐवजी मुलांनी गल्लीतल्या बंद दिव्यासाठी विभागीय कार्यालयाला मराठीत अर्ज लिहायचा. वरच्या वर्गात माहिती अधिकाराचा अर्ज : एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. भेटीला जाताना निरीक्षणपत्रात एकच आकडा नक्की टिपा : पुस्तकात उत्तर नसलेले किती प्रश्न शिक्षकाने तासात विचारले. प्रशिक्षणाआधी एकदा आणि नंतर दोनदा. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाचे पहिले पान यातूनच तयार होते.

करिअरचे म्हणाल तर ग्रँटवर घर चालवू नका. ग्रँट मार्चला संपते आणि पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो. टीईटीचा दुसरा पेपर सामाजिक शास्त्र घेऊन द्या. १५० पैकी ९० गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे, आणि त्यात ६० गुण तुमच्याच विषयाचे आहेत. मग दोन-तीन वर्षे वर्गात उभ्या राहा. ज्याने कधी साठ मुलांचा वर्ग सांभाळला नाही, त्या प्रशिक्षकाला अनुभवी शिक्षक पहिल्या चहाच्या सुट्टीतच निकालात काढतात. पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायचे असेल तर एम.एड. आणि सेट-नेट, संस्थांमध्ये कार्यक्रम सांभाळायचा असेल तर हिशेब आणि अहवाललेखन. हे दुसरे कौशल्य मामूंच्या संस्थेत आत्तापासून शिकता येईल. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागून घ्या आणि सीएंबरोबर एक दुपार बसून एकेक ओळ समजून घ्या.

शेड्यूल वनच्या उताऱ्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. त्यावर कुणाची नावे आहेत ते कळेपर्यंत प्रस्तावाचा मसुदा लिहायला बसू नका.