बटाट्याची पेज का होते?

प्रश्न : पावसाळ्यात बटाटे आणले की धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. चार दिवसांत एखादा आतून पातळ होतो, घाण सुटते. ही बुरशीच ना? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही, हे जीवाणूंचं काम. पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया ही त्यांची नावं. जुन्या पुस्तकांत एर्विनिया म्हणून सापडतील. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. हे जीवाणू एन्झाइम सोडून नेमकं तेच विरघळवतात. म्हणून साल शाबूत दिसते, पण अंगठ्याने दाबलं की फुटून आतून पेजेसारखा गर येतो. सुरुवातीला फारसा वास नसतो. दुर्गंधी येते ती मागाहून शिरणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंमुळे.

चूक धुण्यात आहे. बटाट्याच्या सालीवर बारीक ठिपके दिसतात, ती त्याची श्वास घेण्याची छिद्रं. साल ओली राहिली की ती फुगून उघडतात आणि जीवाणूंना वाट मिळते. शिवाय पाण्याच्या थरामुळे आत प्राणवायू पोहोचत नाही. त्याने बटाट्याचा प्रतिकार ढिला पडतो, आणि या जीवाणूंचं मात्र प्राणवायूवाचून अडत नाही. त्यांना २५ ते ३० अंश तापमान मानवतं, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट.

माती कोरड्या फडक्याने झाडा. कापलेले, ठेचलेले बटाटे त्याच दिवशी रांधा. बाकीचे टोपलीत एका थरात, अंधारात, वारा लागेल असे ठेवा. एक सडला तर त्याचं पाणी ज्यांना लागलं तेही काढा, टोपली साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. सडका भाग कापून उरलेला खाऊ नका : सडलेल्या भाजीवर साल्मोनेला (पोट बिघडवणारे जीवाणू) आढळण्याचं प्रमाण चांगल्या भाजीपेक्षा जास्त असतं.

प्रश्न : तांबडी भाजी फ्रीजमध्येही बुळबुळीत होते. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : थंडीत पेक्टोबॅक्टेरियम जवळपास थांबतो, पण स्यूडोमोनास हा दुसरा सडवणारा जीवाणू ४ अंशांतही हळूहळू वाढतो. पिशवीच्या आत साचलेले थेंब हीच त्याची सोय. मुळं आणि चुरडलेली पानं काढा, न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं ओलसर झालं की बदला. धुवायची ती चिरण्याआधी. आगशीची वांगी आणि भेंडे मात्र फार थंडीत ठेवू नयेत. १० अंशांखाली त्यांना थंडी बाधते, सालीवर खड्डे पडतात आणि सड तिथूनच सुरू होते.

प्रश्न : टोमॅटो देठाकडूनच का सडतात? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : उन्हात तापलेला टोमॅटो गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं, जीवाणूंसकट. आधी सावलीत निवू द्या, मग बुडवून न ठेवता वाहत्या पाण्याखाली धुवा आणि देठाची खूण पुसून कोरडी करा.

प्रश्न : आंब्यालाही हेच जीवाणू लागतात का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : सहसा नाही. बहुतेक फळं आंबट, आणि आंबटपणात या जीवाणूंचं फारसं चालत नाही. आंब्यावरचे काळे डाग, देठाजवळची सड ही बहुतेक वेळा बुरशीच.